काटा किती खाली, हे विचारलंच नाही

चाळणी माझ्या हातात होती आणि तिच्यातून उजेड दिसत नव्हता.

इंजिनाच्या तळाला तेलाचं भांडं असतं. आम्ही त्याला संप म्हणतो. त्या तेलात एक जाळीची चाळणी बुडालेली असते, साधारण चहाच्या गाळणीएवढी. पंप या चाळणीतून तेल ओढतो आणि वर इंजिनभर पोचवतो. चाळणी बुजली की पंपाला तेल मिळत नाही. तेल मिळालं नाही की लोखंडावर लोखंड घासतं, तापतं आणि शेवटी जागच्या जागी चिकटून बसतं. याला इंजिन सीझ होणं म्हणतात. समोरचा ट्रॅक्टर आदल्या दिवशी सकाळी असाच सीझ झाला होता. आणि त्याने ओढत आणलेली बोट मागे घसरून एक माणूस तिच्याखाली गेला होता.

मेकॅनिकने माझ्या हातातली चाळणी घेतली, उन्हाकडे धरली आणि खाली ठेवली. काळा, घट्ट, खरवडून काढावा लागेल असा गाळ होता. वाळूवर पंधरा-वीस माणसं उभी होती. पोलिसांचा पंचनामा होऊन गेला होता. कुणीतरी मला विचारेल, मॅडम, हे कशानं झालं, म्हणून मी वाट बघत होते. कुणी विचारलं नाही. बरं झालं, कारण उत्तर मला तेव्हाच माहीत होतं.

मी एका वंगण तेलाच्या कंपनीत टेक्निकल सर्व्हिसला आहे. तेल विकणं माझं काम नाही. कुठल्या इंजिनाला कुठलं तेल घालायचं, हे सांगणं माझं काम. अलिबागपासून खाली श्रीवर्धनपर्यंतचा पट्टा बावीस वर्षं माझ्याकडे आहे. ट्रक, जेसीबी, बर्फाच्या फॅक्टरीतले कॉम्प्रेसर, मच्छीमार बोटी. सुरुवातीला लोक माझ्या मागे बघायचे, साहेब गाडीतून उतरायचेत का म्हणून. आता तसं होत नाही. आता "मॅडमला विचारा" म्हणतात. मला हे आवडतं. फार आवडतं. पुढे जे झालं त्यात या आवडीचा वाटा आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

हा कोळीवाडा आगरदांड्याहून फेरीने दिघीला उतरलं की तिथून अर्ध्या तासावर आहे. नाव लिहीत नाही. तिथे बंदर नाही, जेटी नाही. छोट्या बोटी आहेत, चौदा. मे महिन्याच्या शेवटी मासेमारी बंद होते, तेव्हा या बोटी ओढून किनाऱ्यावर, नारळांच्या रांगेपर्यंत वर आणाव्या लागतात. पावसाळी समुद्रात राहिल्या तर फुटतील. पूर्वी सगळा गाव दोराला लागायचा. आता सोसायटीचा ट्रॅक्टर ओढतो. ट्रॅक्टर तीस वर्षांचा. घाटावर नांगरून, उसाच्या ट्रॉल्या ओढून म्हातारा झाल्यावर इकडे आला. एरवी बर्फ आणि मासळीचे क्रेट वाहतो. खरी मेहनत वर्षातून दोनदा, बोटी वर काढताना आणि नारळी पुनवेला खाली सोडताना.

ट्रॅक्टरवर दामूदादा. दामोदर, पन्नाशीचा, कमी बोलणारा. आधी खलाशी होता, पाठीच्या दुखण्याने समुद्र सुटला, मग सोसायटीचा ट्रॅक्टर चालवायला घेतला. त्याच्या ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत नव्हता, दिवे लागत नव्हते, पण ऑइल प्रेशरचा काटा चालू होता. जुन्या ट्रॅक्टरवर हे मी फार कमी पाहिलंय. हा काटा म्हणजे इंजिनात तेल किती जोराने फिरतंय ते दाखवणारं छोटं घड्याळ. दामूदादा त्याची काच रोज पुसायचा.

सोसायटीचे चेअरमन हिराजी नाखवा. त्यांचाच मला फोन आला होता. ट्रॅक्टर निळा धूर टाकतोय, तेल खातोय, एकदा येऊन बघा. बोटी काढायला चार दिवस राहिले होते.

मी गेले. डिपस्टिक काढली, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी. तेलाचा एक थेंब कागदावर टाकला. चांगल्या तेलाचा थेंब कागदावर पसरतो, मध्ये गडद आणि कडेला फिका. हा थेंब पसरलाच नाही. काजळासारखा एका जागी बसून राहिला.

"कुठलं तेल घालता?" मी विचारलं.

दामूदादाने नाखवांकडे बघितलं. नाखवा हसले. "सगल्यांचा."

मला कळेना. मग कळलं. बोट ओढायचे कुणी पैसे द्यायचे नाहीत, अशी तिथली रीत. त्याऐवजी ज्याची बोट, त्याने आपल्या बोटीच्या इंजिनातून काढलेलं तेल फडक्याने गाळून ट्रॅक्टरमध्ये घालायचं. थोडं थोडं, प्रत्येकाने. ट्रॅक्टर सगळ्यांचा, तेव्हा त्याच्या पोटात तेलही सगळ्यांचं. ज्याच्या बोटीचं तेल पडलं नाही त्याची बोट ओढायची नाही, असं नाही, पण बरं दिसत नाही. चौदा बोटी, चार-पाच कंपन्यांची तेलं, सगळी वापरून झालेली, काहींत खाऱ्या पाण्याचा अंश. हे वर्षानुवर्षं चाललेलं.

मी कपाळाला हात लावला. खरंच लावला, सगळ्यांसमोर. मग तिथेच लेक्चर दिलं. वापरलेल्या तेलात काजळी असते, आम्ल असतं, तुम्ही ट्रॅक्टरला औषध समजून विष पाजताय, वगैरे. सगळं खरं होतं. माझं चुकत नसतं तेव्हा मी जरा जास्तच बोलते.

गर्दीत गोपीनाथ होता. दामूदादाच्या बायकोचा धाकटा भाऊ. पस्तिशीचा, दांडगा, सगळ्यांची थट्टा करणारा. हातात तेलाचा छोटा कॅन घेऊनच उभा होता. म्हणाला, "मॅडम, आमचा तरी वाटीभर टाकू द्या. नायतर माझी बोट शेवटाला काढील यो दाजी."

"एक थेंब नाही," मी म्हटलं.

"मंग ट्रॅक्टर रुसला तं तुमी येऊन ढकला." सगळे हसले. मीही हसले. कॅन घेऊन तो परत गेला.

आता तेल कुठलं घालायचं. इथे थोडं समजून घ्यावं लागेल. डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असे आकडे असतात. पहिला आकडा तेल थंड असताना कसं वाहतं त्याचा, दुसरा गरम झाल्यावर किती जाड राहतं त्याचा. जुन्या इंजिनात भाग झिजलेले असतात, मधल्या फटी वाढलेल्या असतात, म्हणून तिथे जाड तेल बरं. दुसरी गोष्ट डिटर्जंटची. हल्लीच्या तेलात धुण्याचा गुण असतो. ते इंजिनाच्या आतला मळ सोडवतं आणि स्वतःत धरून ठेवतं. नव्या इंजिनाला हे उत्तम. पण ज्या इंजिनात पंचवीस-तीस वर्षांचा मळ बसलाय, त्यात असं तेल घालणं म्हणजे कधीच न धुतलेल्या पाण्याच्या टाकीत जोरात पाणी सोडणं. तळाचा गाळ उठतो आणि नळाच्या तोंडाशी येऊन बसतो.

त्यावर उपाय साधा आहे. आधी संप खाली उतरवायचा, गाळ हाताने काढायचा, चाळणी धुवायची, मग कुठलंही चांगलं तेल घाला. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

माझ्या गाडीत दोन्ही तेलं होती. मी १५डब्ल्यू-४० निवडलं, जास्त डिटर्जंटवालं, कंपनीचं सर्वात नवं. कंपनीचा आग्रह त्या तेलाचा होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. ते काळं तेल बघून मला किळस आली होती. मला ते इंजिन स्वच्छ करून दाखवायचं होतं.

"संप उतरवायला लागेल," मी नाखवांना म्हटलं.

"किती येल?"

या ट्रॅक्टरचा संप म्हणजे पत्र्याचं भांडं नव्हे. जाड ओतीव लोखंड, आणि पुढची चाकं त्याच्याच आधारावर. तो उतरवायचा म्हणजे ट्रॅक्टरचा पुढचा भाग सुटा करायचा. "एक अख्खा दिवस," मी म्हटलं. "मुरूडहून मेकॅनिक आणावा लागेल. तो परवा मोकळा आहे."

नाखवांनी समुद्राकडे बघितलं. "मॅडम, परवा बर्फाची खेप हाय. तेरवा बोटींच्या फल्या लावायच्या. दुसरा काय नाय व्हनार?"

नाही, म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "फ्लश करून घेऊ."

फ्लश म्हणजे पातळ तेल भरून इंजिन दहा मिनिटं नुसतं चालू ठेवायचं आणि काढून टाकायचं. चूळ भरल्यासारखं. आम्ही दोनदा केलं. दोन्ही वेळा डांबरासारखं काळं बाहेर आलं. जितकं काळं येईल तितकी मी खूश. जो गाळ सुटला पण बाहेर आला नाही, त्याचा विचार मी केला नाही.

दामूदादाने केला होता. वाकून बादलीत बघत म्हणाला, "मॅडम, तलातला सगला निघाला का?"

"बघा की किती निघालाय," मी म्हटलं. हे उत्तर नव्हतं. त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

नवं तेल भरलं. जुन्या तेलाची बाटली आणि नव्या तेलाची बाटली शेजारी शेजारी ठेवून, मागे ट्रॅक्टर आणि समुद्र येईल असा फोटो काढला.

चौथ्या दिवशी सकाळी आमची डीलर मीट होती. दिवेआगरजवळच्या एका रिसॉर्टमध्ये, एसी हॉल, पडद्यावर स्लाइड. विषय माझा होता, जुनी इंजिनं आणि नवी तेलं. मी बोलत असताना फोन थरथरला. दामूदादा. त्याने आजवर स्वतःहून मला कधी फोन केला नव्हता. मी "एक मिनिट हं" म्हणून दारापाशी गेले.

"मॅडम, काटा खाली आलाय."

मागे बोटीभोवती जमलेल्या लोकांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"नवीन तेल जरा पातळ असतं, दामूदादा. काटा थोडा खाली दिसणारच. काळजी करू नका."

"म्हंजे चालवू?"

"चालवा."

मी परत आत गेले. त्या गावचा फोटो पुढच्याच स्लाइडवर होता. दोन बाटल्या, ट्रॅक्टर, समुद्र. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचं मला अनेकांनी सांगितलं आणि सगळ्यांचं सांगणं सारखं आहे. तीन बोटी वर आल्या होत्या. चौथी अर्ध्या चढावर होती. बोट अशी ओढतात की खाली चरबी लावलेल्या लाकडी फळ्या, वरून ट्रॅक्टरला बांधलेला तारेचा दोर. थोडी वर आली की मागून एक जण लाकडाचा मोठा ठोकळा सरकवतो, म्हणजे दम खाताना बोट मागे जात नाही. ते काम गोपीनाथ करत होता. दरवर्षी तोच करायचा, कारण ताकद लागते आणि नजर लागते. इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज आला. मग एकच करकर आणि इंजिन बंद. दामूदादाने ब्रेकवर पाय दाबला, चाकं थांबलीही, पण ओल्या वाळूवर चाकं थांबून काय उपयोग. बोटीच्या वजनाने ट्रॅक्टर मागे ओढला गेला. तीन-चार हात, जास्त नाही. गोपीनाथ ठोकळा घेऊन वाकलेला होता.

मुरूडला नेईपर्यंत तो गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही संप उतरवला. जे काम एका दिवसाचं म्हणून टाळलं होतं, ते एका दिवसात केलं. चाळणीचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

दामूदादा लांब, एका उलट्या होडीला टेकून बसला होता. मी त्याच्याजवळ गेले. काय बोलावं कळेना, म्हणून कामाचं बोलले. "काटा किती होता, नेहमी?"

"चारावर ऱ्हायचा."

"आणि फोन केलात तेव्हा?"

"दीडावर."

थोडा खाली म्हणजे चाराचा साडेतीन. दीड म्हणजे त्याच क्षणी इंजिन बंद. याला तज्ज्ञ लागत नाही, आयटीआयचं पोरगंही सांगेल. मी फोनवर एक प्रश्न विचारायला हवा होता, किती खाली? दोन शब्द. ते बोलायला स्लाइड बदलायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो.

मी त्याच्याकडे बघू शकले नाही. तो समुद्राकडे बघत होता.

आठवड्याने मुंबईहून आमच्या रीजनल मॅनेजरचा फोन आला. सामंत. माणूस वाईट नाही, माझ्याच बॅचचा आहे. सोसायटीने आणि पोलिसांनी तांत्रिक रिपोर्ट मागितला होता.

"फॅक्ट्स लिही," तो म्हणाला. "सँपल लॅबला दिलंय. तेल ओके येणार. संप काढायचा सल्ला तू दिला होतास ना?"

"दिला होता. त्यांनी नाही म्हटल्यावर मीच फ्लश सुचवलं."

"सल्ला दिला, पार्टीने मानला नाही. हे लिही. वर्षानुवर्षं वापरलेलं मिक्स तेल घालत होते, हे लिही. आणि काटा खाली गेलेला ऑपरेटरला दिसत होता, तरी त्याने इंजिन चालू ठेवलं."

"त्याने मला फोन केला होता. मी चालवा म्हटलं."

तो म्हणाला, "फोन कॉल हा इंजिनाचा पार्ट नाही. इंजिन का सीझ झालं, एवढंच तुला विचारलंय."

मी रिपोर्ट लिहिला. 'ऑइल प्रेशर कमी झाल्याचे दिसत असूनही ऑपरेटरने इंजिन चालू ठेवले.' या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते तीनदा वाचलं, खोटा शब्द सापडेना, म्हणून सही केली. त्या रात्री मला झोप लागली, हेही सांगायला हवं. माणूस स्वतःची समजूत किती पटकन काढतो.

सव्वा महिन्याने हिराजी नाखवांचा फोन आला. आभार मानायला.

"तुमच्या रिपोर्टानी बरा झाला, मॅडम. गावात दोन तट पडले व्हते. कोन बोले दोर खराब, कोन बोले तेल, कोन बोले देवाचा कोप. मीटिंगमदी तुमचा कागद वाचला. आता सगल्यांना कलला, दामूची चुकी."

"दामूदादा काय म्हणाला?"

"काय बोलनार? मान खाली घालून बसला. चावी टेबलावर ठेवली नि गेला. बायको बोलत न्हाय त्याच्याशी. तिचा भाव ना. जेवान बाहेर वट्यावर ठेवते, यो खातो नि ताट धुऊन ठेवतो. असा चाललाय."

"त्याने आणखी काही सांगितलं नाही मीटिंगमध्ये?"

"आनखी काय?"

"काही नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याने सांगितलं नव्हतं. एवढे दिवस मी मनाशी तयारी करून बसले होते की तो माझं नाव घेणार, मग मी कबूल करणार, म्हणजे कुणीतरी मला ओढून कबूल करायला लावणार. त्याने घेतलंच नाही. तिसऱ्या दिवशी मी गेले. पाऊस होता, आगरदांड्याला फेरी दोन तास बंद होती, परत फिरायला चांगलं निमित्त होतं. फिरले नाही.

त्याची बायको मंजुळा घरात होती. पत्र्याच्या डब्यातून सुकट काढून सुपात निवडत होती. मला तिने एकदा-दोनदा मुरूडच्या बाजारात पाहिलेलं, ओळखलं. पाट पुढे सरकवला.

मी बसले आणि सांगायला लागले. संपचं, फ्लशचं, तेलाचं. तिने हाताने थांबवलं. "मना त्या तेलातला काय कलत न्हाय. काय सांगायचाय ता सांग."

"त्या दिवशी त्यांनी ट्रॅक्टर थांबवून मला फोन केला होता. काटा खाली आलाय म्हणून. चालवू का, असं विचारलं. मी चालवा म्हटलं. त्यांची चूक नाही. माझी आहे."

तिचे हात सुपातच राहिले.

"मंग कागदावर का न्हाय लिवला?"

मी खरं उत्तर दिलं. "नोकरीला भ्याले."

"त्याची पन नोकरीच व्हती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दीड महिना त्याला मी कुत्र्यासारखा जेवान घातला. माज्या भावाचा जीव घेतलास, बोलली. चार बायकांच्या म्होरं बोलली. तू तवा आली असतीस तं मी ता बोलली नसती. आता ता मी परत कसा घेऊ?"

मी रडले, त्याने तिला काही फरक पडला नाही, आणि पडायचं कारणही नव्हतं.

मग तिने मागच्या दाराकडे बघून हाक मारली. "ऐकलाव का? या इकडं."

तो पडवीत जाळं विणत बसला होता. आत आला, उंबऱ्याशी उभा राहिला. आत पाऊल टाकायची त्याची सवय गेली होती. मंजुळाने विचारलं, "यी बोलते ता खरा हाय? फोन केलाव्ता?"

"केलाव्ता."

"मंग बोललाव का न्हाय? एवढा मी बोलली, तोंड उघडलाव न्हाय?"

"स्टेरिंग माज्या हातात व्हता," तो म्हणाला. "काटा मना दिसत व्हता. धा वरसा मी त्यो काटा बघतोय. मना आतून वाटत व्हता का बंद कर. मॅडम बोलल्या चालवा, मना बरा वाटला. म्हनून चालवला."

मी म्हटलं, "मीटिंगमध्ये तरी माझं नाव घ्यायचं, दामूदादा."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तुमचा नाव घेतला असता, तं उद्या दुसऱ्या कोनाचा काटा खाली आला नि त्याने फोन केला, तं तुमी उचलला नसता."

तो परत पडवीत गेला. मंजुळा उठली, आत जाऊन ताट घेऊन आली आणि घरात, चुलीशेजारी ठेवलं. त्याला हाक मारली. तो आला नाही. तिने पुन्हा हाक मारली. मी निघाले, तेव्हा ती तिसऱ्यांदा मारत होती.

आल्यावर मी दुसरा रिपोर्ट लिहिला. फोनचा दिवस, वेळ, माझे शब्द, सगळं. फ्लशचा निर्णय माझा होता, तेही. पोलिसांना, सोसायटीला आणि सामंतला एकाच दिवशी पाठवला, म्हणजे त्याने अडवायला नको. सामंत म्हणाला, "तू मला विचारलं नाहीस." मी म्हटलं, "विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास आणि मला बरं वाटलं असतं." कंपनीने मेमो दिला, इन्क्रिमेंट थांबवलं आणि जुन्या इंजिनांचं काम माझ्याकडून काढून घेतलं. पोलिसांनी जबाब घेतला, माझा आणि दामूदादाचा. प्रकरण अजून चालू आहे. त्याच्याबरोबर आता मीही कोर्टाच्या तारखांना जाते. आम्ही एकाच बाकावर बसतो.

सोसायटीने चावी परत द्यायला माणूस पाठवला होता. दामूदादाने घेतली नाही. दुसरं इंजिन बसवलेल्या ट्रॅक्टरवर आता एक भाड्याचा ड्रायव्हर आहे. मंजुळाने त्यानंतर नवऱ्याला बाहेर ओट्यावर जेवण ठेवलं नाही, असं ऐकलं. पण तो अजून बहुतेक वेळा तिथेच बसून जेवतो म्हणे.

आता कामापुरतं सांगते, कारण लोक विचारतात. जुन्या ट्रॅक्टरला जाड तेल घाला, २०डब्ल्यू-५० पुष्कळ झालं. डब्यावर लिहिलेलं नवं म्हणून चांगलंच, असं समजू नका. तेल बदलायच्या आधी संप उतरवा. एक दिवस जातो, जाऊ दे. तुम्हाला तेलाचं सांगणाऱ्या माणसाला गडबड आहे असं वाटलं, तर त्याचं ऐकू नका, मग ती मी असले तरी.

आणि काटा खाली आलाय म्हणून कुणी मला फोन केला, तर मी आधी माणसं बाजूला घ्यायला सांगते. मग इंजिन बंद करायला. मग आकडा विचारते. तेलाचं नाव सगळ्यात शेवटी. फोन मी कुठेही असले तरी उचलते, जेवताना, मीटिंगमध्ये, गाडी कडेला घेऊन. म्हसळ्याहून येतात, रोह्याहून येतात, एकदा तर थेट साताऱ्याहून आला.

त्या गावातून मात्र येत नाहीत.